ब्रायटन-शोरहॅमकडे नवीन आलात आणि घरात कुत्रा आहे? मग हिवाळ्यात पक्षी बघायला असे निघा

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे ब्रायटन, होव्ह, शोरहॅम, लान्सिंग, वर्दिंग या पट्ट्यात नवीन राहायला आलेले आपले मराठी लोक भेटले की नोव्हेंबरात एकच तक्रार ऐकू येते. चारला अंधार पडतो, वारा थांबत नाही आणि तरी कुत्र्याला दोनदा बाहेर न्यावंच लागतं. माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, गळ्यात दुर्बीण अडकवा. इथे पक्षी बघायचा खरा सीझन हिवाळाच आहे. सायबेरिया, स्कँडिनेव्हिया, ग्रीनलंड तिकडे उन्हाळ्यात पिल्लं वाढवणारे पक्षी थंडी घालवायला इथे येतात, आपल्याला गारठवणारा हा किनारा त्यांच्यासाठी उबदार असतो कारण इथला खाडीचा चिखल सहसा गोठत नाही आणि चिखल मऊ आहे तोवर पोट भरतं.

कुत्रा आणि पक्षी एकत्र जमत नाहीत असं तुम्हाला बरेच जण सांगतील. जमतात, पण भरतीची वेळ माहीत पाहिजे आणि कुत्रा लीशवर पाहिजे. रोज ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळेला जाणारा माणूस फार कमी असतो आणि कुत्रेवाले नेमके तसेच असतात, त्यामुळे या छंदासाठी तुमच्याइतकं सोयीचं कुणी नाही. खाली सगळं क्रमाने लिहिते.

1. आधी कुत्र्याचे कागद आणि सामान

हे कंटाळवाणं आहे पण आधी उरका.

- मायक्रोचिप: इंग्लंडमध्ये 2016 पासून सक्तीची आहे. घर बदललंत तर डेटाबेसवर पत्ता बदला, लोक हेच विसरतात. भारतातून कुत्रा आणला असेल तर तिकडची चिप इथल्या डेटाबेसवर नोंदवून घ्या.
- गळ्यातला बिल्ला: सार्वजनिक जागी कुत्र्याच्या पट्ट्यावर मालकाचं नाव आणि पत्ता असणं कायद्याने लागतं. फोन नंबरही टाका, तो सक्तीचा नाही पण कुत्रा सापडल्यावर लोक फोनच करतात.
- पेट इन्शुरन्स: त्यात थर्ड पार्टी लायबिलिटी आहे का ते बघा. मेंढ्यांच्या कुरणातून जायचं आहे, म्हणून हे महत्त्वाचं.
- जंताचं औषध वेळच्या वेळी, आणि शीच्या पिशव्या कायम खिशात. शेतातसुद्धा उचलायचीच, कुत्र्याच्या शीतून गाई-मेंढ्यांना रोग जातात.
- इमर्जन्सी व्हेटचा नंबर फोनमध्ये सेव्ह.
- फिक्स लांबीची दोन मीटरची लीश, आणि कंबरेला बांधायचा बेल्ट. दुर्बीण धरायला दोन्ही हात मोकळे लागतात, लीश मनगटात अडकवून दुर्बीण डोळ्याला लावली की कुत्र्याच्या पहिल्याच झटक्याला पक्षी जातो आणि दुर्बीण नाकावर बसते. लीश गळ्यातल्या पट्ट्याला न लावता हार्नेसला लावा. गुंडाळणारी, लांब होत जाणारी लीश कड्यांच्या बाजूला अजिबात नको.
- कुत्र्यासाठी दिव्याचा पट्टा, तुमच्यासाठी छोटा टॉर्च. डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो.
- घोट्याच्या वर येणारे वॉटरप्रूफ बूट. डाउन्स म्हणजे इथल्या खडूच्या टेकड्या, त्यांची माती ओली झाली की साबणापेक्षा निसरडी होते, नुसत्या स्पोर्ट्स शूजवर जाऊ नका.

दुर्बीण 8x42 किंवा 8x32 घ्या. पहिला 8 म्हणजे आठ पट मोठं दिसतं. दुकानदार 10 वाली दाखवेल, पण वाऱ्यात हात हलतो आणि 10 मध्ये तो हलणं जास्त दिसतं, शिवाय नवीन माणसाला तिच्यात उडता पक्षी पकडणंही अवघड जातं. शंभर-दीडशे पौंडात सुरुवातीला पुरेल अशी चांगली मिळते, सेकंडहँडही चालेल. टेलिस्कोप, मोठी लेन्स हे आत्ता काही नको. फील्ड गाइड मात्र ब्रिटन-युरोपचंच घ्या.

2. एक किनाऱ्याची वाट आणि एक डाउन्सची वाट पक्की करा

दर वीकेंडला नवीन जागा शोधत फिरलात तर यादी लांबलचक होईल पण ओळख कुणाचीच होणार नाही. घराजवळची एक वाट रोजची आणि टेकडीवरची एक रविवारची, एवढं ठरवा. माझ्या पसंतीच्या जागा अशा.

शोरहॅमची खाडी, म्हणजे अडूर नदीचं मुख. शोरहॅम-बाय-सी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर पादचारी पूल आहे, त्याच्या आणि रेल्वेच्या पुलाच्या मधला चिखल आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेचं राखीव क्षेत्र आहे, आणि हे सगळं पुलावर उभं राहून दिसतं. नवख्या माणसाला याहून सोपी जागा नाही. तिथून नदीकाठाने वर जुन्या लाकडी टोल ब्रिजपर्यंत चालत जा, पलीकडच्या काठाला शोरहॅमचा छोटा विमानतळ आहे. ट्रेनमध्ये कुत्र्याचं तिकीट लागत नाही हेही लक्षात ठेवा.

लान्सिंगचं वाइडवॉटर लगून: निमखाऱ्या पाण्याचा लांबट तलाव, मध्ये गोट्यांचा बांध आणि पलीकडे समुद्र. एका बाजूला बगळे आणि रेडशँक, दुसऱ्या बाजूला वळलात की समुद्रात ग्रीब आणि मर्गँझर हे डुबकी मारणारे पाणपक्षी. व्हीलचेअर किंवा बाबागाडी असेल तरी इथे फिरता येतं.

ब्रायटनचा अंडरक्लिफ वॉक, मरीना ते सॉल्टडीन: एका हाताला पांढरा कडा, दुसऱ्या हाताला समुद्र, खाली काँक्रीटचा रस्ता. चिखलाचा कंटाळा आला की हा.

डाउन्ससाठी वर्दिंगच्या वरचं सिसबरी रिंग (लोहयुगातला टेकडीवरचा किल्ला, तटबंदीवरून चालता येतं), किंवा डेव्हिल्स डाइक, किंवा 248 मीटर उंचीचं डिचलिंग बीकन. डाइकला ब्रायटनहून 77 नंबरची आणि बीकनला 79 नंबरची बस जाते. हिवाळ्यात फेऱ्या कमी असतात तेव्हा परतीची शेवटची बस आधी बघून ठेवा. ऑर्डनन्स सर्व्हेचा ओएल11 नकाशा घेतलात तर ब्रायटनच्या आसपासच्या बऱ्याचशा वाटा त्यात येतात. पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा बाण म्हणजे घोडे आणि सायकलींनाही चालणारी वाट.

3. भरतीचं वेळापत्रक शिका, सगळं त्यावर आहे

कोकणातल्या माणसाला हे समजावायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे काल सकाळी नऊला खाडीत शेकडो पक्षी होते म्हणून पुढच्या आठवड्यात परत नऊला गेलात तर नुसतं पाणी किंवा नुसता चिखल मिळेल. लोक इथेच निराश होऊन सोडून देतात, पक्षी असतातच, तुमची वेळ चुकलेली असते.

खाडीत जायचं ते भरतीच्या साधारण दोन तास आधी. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब लांब पांगलेले असतात, पाणी चढायला लागलं की चिखलाची पट्टी अरुंद होत जाते आणि पक्षी पुढे पुढे ढकलले जात तुमच्या बाजूला येतात. पूर्ण भरतीला ते सगळे एका जागी दाटीने विश्रांती घेतात, चोच पाठीत खुपसून, एका पायावर.

वाळूच्या किनाऱ्यावर उलटं. वर्दिंग-लान्सिंगकडे वरचा भाग गोट्यांचा आहे आणि वाळू दिसते ती ओहोटीलाच, त्यामुळे सँडरलिंग बघायचे तर ओहोटी पकडायची.

आता एक उपयोगाची गोष्ट. या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, म्हणजे उधाणाला, मोठी भरती दुपारी बाराच्या आगेमागे येते, तेव्हा दहाला खाडीवर जा. आणि सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत दुपारी ओहोटी असते, तेव्हा वाळूवर जा. घरात कालनिर्णय लावलेलं असेल तर तेवढ्यावर अंदाज येतो, मग नेटवर शोरहॅमचा नेमका आकडा बघा. उधाणाला पाणी पाच-सहा मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे गोट्यांच्या किनाऱ्याने लांब जाताना परत यायला वाट उरेल का ते आधी बघा. छापील तक्ते बऱ्याचदा ग्रीनिच वेळेत असतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत घड्याळ तेच असतं, त्यानंतर मात्र एक तास मिळवायला लागतो.

4. कुत्र्याला दुर्बिणीची सवय लावा

घरीच सुरू करा. दुर्बीण डोळ्याला लावली की कुत्र्याने बसायचं, बसला की खाऊ. आधी हॉलमध्ये, मग बागेत, मग रस्त्यावर. आमची बुंदी कॉकर स्पॅनियल आहे, झाडीत घुसून पक्षी उठवायचा हेच काम या जातीकडून पिढ्यान्पिढ्या करून घेतलंय, तरी ती आता दुर्बीण वर गेली की आपोआप खाली बसते आणि माझ्या खिशाकडे बघते. स्पॅनियल, लॅब, सेटर या शिकारी जाती असतील तर धीर धरा, ओरडू नका, त्यांचा स्वभावच तो आहे.

पक्ष्यांच्या जागी पोचण्याआधी कुत्र्याला मनसोक्त धावू द्या. ब्रायटन आणि होव्हच्या काही किनाऱ्यांवर कुत्र्यांना 1 मे ते 30 सप्टेंबर बंदी असते, हिवाळ्यात ती नसते, तेव्हा जिथे पक्षी बसलेले नाहीत अशा मोकळ्या गोट्यांवर आधी बॉल खेळून घ्या. दमलेला कुत्रा खाडीवर शांत उभा राहतो.

5. किती जवळ जायचं

हे नीट वाचा कारण बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

हिवाळ्यात या पक्ष्यांची हातातोंडाशी गाठ असते. दिवस आठ तासांचा, त्यातला चिखल उघडा असतो तेवढाच वेळ खायला मिळतो, आणि रात्रभर थंडीत अंग तापवायला तेच खाल्लेलं जळतं. कुत्रा एकदा धावत गेला, सगळा थवा उडाला, खाडीवर दोन चकरा मारून परत बसला, बघायला छान दिसतं पण त्यात खाण्याचा वेळही गेला आणि साठवलेली चरबीही गेली. मग पुढचा कुत्रा येतो. मग त्याच्या पुढचा. प्रत्येक मालक म्हणतो माझा कुत्रा काही पकडत नाही, आणि ते खरंही असतं, पण पक्ष्याला तो कोल्हाच वाटतो.

तर पक्ष्याकडे बघत बघत चाला. खात असलेल्या पक्ष्याने मान वर केली आणि तशीच ठेवली म्हणजे त्याने तुम्हाला पाहिलंय, थांबा. एक-दोन पक्षी चालत लांब जायला लागले, तर तुम्ही जवळ आलेले आहात, दोन पावलं मागे या. रेडशँक टिव-टिव-टिव ओरडला तर उशीर झाला, तो खाडीतला सगळ्यात जागरूक पक्षी आहे आणि त्याचं ओरडणं ऐकून बाकीचे उठतात. भरतीला दाटीने बसलेल्या थव्याच्या तर आसपासही जाऊ नका, बांधाच्या मागच्या वाटेने निघून जा. काही दिवसांत तुम्हाला तुमच्या वाटेवरचं अंतर बरोबर कळायला लागेल, आणि पक्षीही ठरलेल्या वाटेने शांतपणे जाणाऱ्या माणसाला सरावतात, उडत नाहीत.

6. किनाऱ्यावर पहिले हे ओळखा

पन्नास नावं पाठ करू नका. सुरुवातीला हे एवढे पुरे.

टर्नस्टोन: ब्रायटन-वर्दिंगच्या गोट्यांवर, लाकडी बांधांवर, कधीकधी थेट फुटपाथवर. पाठीवर कासवाच्या कवचासारखी तपकिरी-काळी नक्षी, पाय नारिंगी. गोटा चोचीने उलटतो आणि खालचे किडे खातो. एक जागा धरून नीट बघा, तो नुसता गोटा ढकलत नाही, चोच खाली घालून मानेने झटका देतो आणि शेजारचा टर्नस्टोन धावत येऊन उघडी पडलेली जागा पळवायला बघतो, मग दोघांची जुंपते. कुत्र्यांना त्यातल्या त्यात सवयीचा पक्षी आहे, म्हणून सुरुवातीला बरा.

सँडरलिंग: फिकट राखाडी-पांढरा, लाटेच्या कडेने सतत पळतो, लाट आली की वर, गेली की खाली. याला आणि टर्नस्टोनला आपण हिवाळ्यात अलिबागजवळ आक्षीच्या किनाऱ्यावरही बघतो, तेव्हा तिकडे कधी बघितलं असेल तर इथे लगेच ओळखाल.

रेडशँक: लाल पाय, उडाला की पंखांच्या मागच्या कडेला पांढरी पट्टी. ऑयस्टरकॅचर: काळा-पांढरा, लांब नारिंगी चोच, चुकणं शक्य नाही. डनलिन: छोटा, राखाडी, चोच जराशी खाली वळलेली, कायम घोळक्यात. लॅपविंग: आपल्या टिटवीच्या कुळातला, डोक्यावर लांब तुरा, रुंद गोलसर पंख, अडूरच्या चिखलात विमानतळाच्या बाजूला थव्याने दिसतात आणि त्यांच्यात सोनेरी ठिपक्यांचे गोल्डन प्लोव्हरही असतात. कर्ल्यू, लांब वाकड्या चोचीचा, अडूरला एखाददुसरा दिसतो, चिचेस्टरजवळच्या पॅगमच्या खाडीत जास्त. लॅपविंग आणि कर्ल्यू दोघंही ब्रिटनच्या रेड लिस्टवर, म्हणजे धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत, आहेत, तेव्हा दिसले की कुत्रा आणखी जवळ घ्या.

अंडरक्लिफवर रॉक पिपिट (आपल्याकडच्या तिरचिमण्यांचा समुद्रावर राहणारा भाऊबंद) आणि मरीनाच्या आसपास हिवाळ्यात ब्लॅक रेडस्टार्ट बघा. हा तोच थिरथिरा, जो हिवाळ्यात पुण्याकडे बागांच्या भिंतींवर शेपूट थरथरवत बसलेला असतो. इथला नर जास्त काळसर, पोटाखाली तांबूस कमी. इतक्या लांब येऊन कपाऊंडच्या भिंतीवर थिरथिरा दिसला की मला फार बरं वाटतं, तुम्हालाही वाटेल. मरीनाच्या धक्क्यावर भरतीला पर्पल सँडपायपर बसतात, लाटा अंगावर उडत असतात आणि ते हलत नाहीत, त्यांना शोधायला संयम लागतो.

ब्रेंट गीज वर मात्र थोडं थांबते. हे छोटे काळे हंस, म्हणजे हंसापेक्षा बदकाच्या जवळच्या आकाराचे, ऑक्टोबरात सायबेरियाच्या उत्तर टोकाकडून येतात आणि चिचेस्टर आणि पॅगमच्या खाड्यांत मार्चपर्यंत राहतात. आधी खाडीतलं ईलग्रास (पाण्याखालचं गवत) खातात, ते संपलं की शेजारच्या शेतात गवत आणि कोवळा गहू. थवा दिसला की पंखांकडे बघा. पंखावर पांढऱ्या आडव्या रेषा असतील तर ते त्याच वर्षीचं पिल्लू, नसतील तर मोठा. आता या रेषा मोजल्या की सायबेरियात उन्हाळा कसा गेला ते इथे ससेक्समध्ये उभं राहून कळतं. तिकडे लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी ज्या वर्षी भरपूर असतात त्या वर्षी आर्क्टिक कोल्हे ते खातात आणि हंसांची पिल्लं वाचतात, लेमिंग कमी पडले की कोल्हे घरट्यांकडे वळतात आणि त्या हिवाळ्यात थव्यांत रेषावाली पिल्लं जवळजवळ नसतातच. पिल्लं पूर्ण हिवाळा आईबापांबरोबरच राहतात, त्यामुळे थव्यात कुटुंबंच्या कुटुंबं वेगळी ओळखू येतात. पॅगमला गेलात तर कुत्रा पूर्ण वेळ लीशवर, तो सगळा भाग संरक्षित आहे.

7. डाउन्सवर काय आणि कुठे

टेकडीवर पक्षी किनाऱ्यासारखे समोर मांडलेले नसतात, कुंपण आणि झुडपं वाचायला लागतात.

हॉथॉर्नची लाल फळांनी लगडलेली झुडपं शोधा आणि लांबच थांबा. ऑक्टोबरच्या अखेरीपासून स्कँडिनेव्हियातून रेडविंग आणि फील्डफेअर येतात. फील्डफेअर मोठा, डोकं राखाडी, चक-चक-चक करत उडतो, रेडविंग लहान, डोळ्यावर पिवळट भुवई आणि बगलेत तांबडा. झुडूप फळांनी भरलेलं असेल तोवर ते तिथेच परत परत येतात, म्हणून कुत्र्याला बसवून दहा मिनिटं थांबलात तर उडालेले परत येतात.

गॉर्सच्या काटेरी, पिवळ्या फुलांच्या झुडपाच्या अगदी टोकावर बसलेला छोटा पक्षी बहुतेक स्टोनचॅट, आपल्या गप्पीदासाच्याच घरातला. दोन गारगोट्या एकमेकींवर आपटल्यासारखा आवाज काढतो. हिवाळ्यातही जोडीने राहतो, एक दिसला की दुसरा शोधा.

वर हवेत एका जागी पंख फडफडवत थांबलेला तो केस्ट्रेल. रुंद पंखांचा, गोल घिरट्या घालणारा बझर्ड. शेपटीला खाच असलेला तांबूस तो रेड काइट, आपल्या घारीचा जवळचा नातेवाईक. तो इंग्लंडातून नाहीसाच झाला होता, 1989 पासून आणून सोडले तेव्हा परत पसरला. शेतांच्या कडेला धान्य टिपणारे यलोहॅमर आणि कॉर्न बंटिंग, हे आपल्या भारीटांचे भाऊबंद.

आणि दुपारी तीनच्या सुमारास, वारा पडलेला असताना, उंच गवताच्या उतारावर नजर ठेवा. शॉर्ट-ईअर्ड आऊल हे दिवसाउजेडी शिकार करणारं घुबड हिवाळ्यात बाहेरून येतं, लांब पंखांनी गवतावरून खाली-वर होत जातं. हेच घुबड हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या माळरानांवरही येतं. काही वर्षी बरीच येतात, काही वर्षी एकही नाही. दिसलं तर वाटेवरच खाली बसा, कुत्र्याला मांडीशी घ्या, ते बऱ्याचदा स्वतःच जवळून जातं.

8. संध्याकाळी ब्रायटनच्या पियरवर एकदा जाच

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सूर्यास्ताच्या अर्धा-पाऊण तास आधी पॅलेस पियरच्या (समुद्रात शिरलेल्या लांब धक्क्याच्या) बाजूच्या किनाऱ्यावर उभे राहा. साळुंकीच्या कुळातले स्टारलिंग दिवसभर शेतात पांगलेले असतात, ते लहान लहान टोळ्यांनी समुद्रावर जमतात, एक मोठा थवा होतो, तो आकार बदलत राहतो आणि अंधार पडता पडता पियरच्या खालच्या लोखंडी सांगाड्यात शिरतो. सोलापूर-बीडकडे ज्वारीच्या दिवसांत भोरड्यांचे थवे ज्यांनी बघितलेत त्यांना हे कसं असतं ते माहीत आहे. पेरेग्रिन ससाणा आला तर थवा एकदम गोळ्यासारखा आवळतो. पावसात, जोरदार वाऱ्यात पक्षी सरळ येऊन झोपतात, तेव्हा कोरडी, शांत संध्याकाळ निवडा. कुत्र्याला तिथे काही त्रास नाही, फक्त गर्दी आणि सायकली असतात.

9. नवख्यांची फसगत इथे होते

काळ्या डोक्याचा कुरव शोधत बसू नका. ब्लॅक-हेडेड गलचं डोकं हिवाळ्यात पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त एक काळा ठिपका. गेटवेहून एलिफंटाला जाताना बोटीमागे येणाऱ्या कुरवांत हाही असतो.

तपकिरी ठिपक्यांचा मोठा कुरव म्हणजे वेगळी जात नाही, ते बहुतेक हेरिंग गलचं पिल्लू असतं, मोठ्यांसारखा राखाडी-पांढरा व्हायला त्याला चार वर्षं लागतात.

पुस्तकात चिखलातल्या पक्ष्यांची तांबूस, काळ्या पोटाची चित्रं असतात ती उन्हाळ्याची. हिवाळ्यात सगळे राखाडी. त्यामुळे रंग सोडा, चोचीची लांबी, पायांचा रंग आणि खाण्याची पद्धत बघा.

आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन अॅप चांगलं आहे, वापरा, पण समुद्रावरच्या वाऱ्यात त्याला नीट ऐकू येत नाही, आणि स्टारलिंग दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो त्यामुळे छपरावरच्या स्टारलिंगला अॅप कर्ल्यू म्हणू शकतं. डोळ्यांनी दिसल्याशिवाय यादीत टाकू नका.

10. जिवावर बेतणाऱ्या गोष्टी

कडे: सेव्हन सिस्टर्स, बीची हेड, बर्लिंग गॅप इथला खडू कधीही ढासळतो, वरून भक्कम दिसणारं गवत खालून पोकळ असू शकतं. कुरवाच्या मागे धावत कुत्रे इथून खाली पडतात. लीश, कडेपासून लांब, आणि कड्याच्या पायथ्यालाही बसू नका. कुत्रा पडला किंवा खाडीच्या चिखलात रुतला तर स्वतः उतरायचं नाही, 999 लावून कोस्टगार्ड मागायचा.

गाई: गाई मागे लागल्या तर लीश सोडून द्या. मनाला पटत नाही पण इथला अधिकृत सल्लाच तो आहे, त्यांचा राग कुत्र्यावर असतो, तो पळून सुटतो आणि तुम्हीही वाचता. मेंढ्या: त्यांच्यात कुत्रा कायम लीशवर, मेंढ्यांना त्रास देणाऱ्या कुत्र्यावर काही परिस्थितीत गोळी झाडायची मुभा शेतकऱ्याला कायद्याने आहे, आणि हिवाळ्यात मेंढ्या गाभण असतात, नुसतं पळवल्यानेही गर्भ जातो.

पाम तेल: वादळानंतर या किनाऱ्यांवर पांढरट-पिवळट, मेणासारखे गोळे येऊन पडतात. कुत्र्यांना वास आवडतो, खाल्लं तर गंभीर आजारी पडतात. खाल्ल्याची शंका आली तरी लगेच व्हेटला फोन.

मेलेला पक्षी: बर्ड फ्लूमुळे हात लावू नका, कुत्र्यालाही तोंड लावू देऊ नका, सरकारच्या डेफ्रा खात्याला ऑनलाइन कळवता येतं. रानातल्या चिखलातून आलात की कुत्र्याचे पाय आणि पोट धुवा, नोव्हेंबर ते मे या काळात दिसणाऱ्या अलाबामा रॉट या आजाराबद्दल व्हेट हेच सांगतात.

11. लिहून ठेवा

तारीख, वेळ, भरती कुठे होती, वारा कुठून, काय दिसलं, साधारण किती. वहीत लिहा किंवा बीटीओ या पक्षी-अभ्यास संस्थेच्या बर्डट्रॅकवर ऑनलाइन टाका, फुकट आहे आणि ती माहिती खरंच अभ्यासाला वापरली जाते. काय दिसलं नाही तेही लिहा, लॅपविंग कधी आले आणि कधी गेले हे तेव्हाच कळतं. 1962 पासून चालू असलेल्या ससेक्स ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीकडे रोजच्या नोंदी येतात, आज जवळपास काय दिसलंय ते तिथे बघा. जानेवारीच्या शेवटच्या वीकेंडला आरएसपीबीची बिग गार्डन बर्डवॉच असते, 1979 पासून चालू आहे, घरातून एक तास मोजायचं, मुलांना बरोबर घ्या.

12. मार्च आला की

ब्रेंट गीज निघायला लागतात आणि दुसरीकडे डाउन्सवर चंडोल गायला आणि जमिनीवर घरटी करायला सुरुवात करतात. 1 मार्च ते 31 जुलै डाउन्सवरच्या खुल्या प्रवेशाच्या (वाट सोडूनही कुणालाही चालता येतं अशा) जमिनीवर कुत्रा दोन मीटरपर्यंतच्या लीशवर ठेवणं कायद्यानेच लागतं, जिथे सक्ती नाही तिथेही ठेवा कारण गवतातलं घरटं तुम्हाला दिसत नाही आणि कुत्र्याला वास लगेच येतो. मार्चच्या मध्यापासून सेव्हन सिस्टर्सच्या शेजारी ककमिअर हेवन या नदीमुखाजवळच्या आखूड गवतावर आफ्रिकेतून आलेले पहिले व्हीटीअर पक्षी शोधा. ब्रायटन ते ईस्टबर्न 12 नंबरची बस एक्सीटला उतरवते, तिथून समुद्रापर्यंतची वाट सपाट आहे.